बुधवारचा इस्त्रीचा शर्ट

आमच्या ह्यांना सगळे देवमाणूस म्हणतात. म्हणू देत बापडे. देवमाणसाशी तीस-बत्तीस वर्षं संसार करून बघा, म्हणजे कळेल.

तसा माणूस अगदी साधा. शिलाई मशिनं दुरुस्त करतात. रस्त्याच्या अंगाला दुकान, दुकानाच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या, आणि वर यायला मागच्या गल्लीतून पत्र्याचा जिना. दुकानात पाऊल टाकलं की तेलाचा वास. भिंतीला टेकून मशिनं रांगेत उभी, डब्यांतून बॉबिन, स्क्रू, पट्टे, आणि मधोमध स्टुलावर हे, एक डोळा बारीक करून सुई खाली-वर करत बसलेले. गल्लीतल्या शिंप्यापासून बॅगांच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना हेच लागतात. वडील लवकर गेले, मिसरूड फुटायच्या आत उमेदवारीला लागले, ते आजतागायत हेच काम. माझी ह्यांची गाठ पडली तीही मशीनमुळेच. माझ्या आईचं मशीन टाके सोडत होतं. हे आले, खाली मान घालून दोन तास काम केलं, आणि उठताना एकच वाक्य बोलले, "आता सोडणार नाही." मला वाटलं, माझ्याबद्दल म्हणतायत.

ते वाक्य बरंच मोठं होतं, हे लग्नानंतर लक्षात आलं. बोलण्यात एवढी काटकसर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "हं" म्हणजे हो, "हंऽ" म्हणजे बघू, नुसती मान हलवली तर नाही. मी सांगायची, मी विचारायची, उत्तरही मीच द्यायची. लेक माहेरी आली की म्हणते, "आई, तू रेडिओ आहेस आणि बाबा श्रोते." म्हटलं, बाई गं, श्रोत्याला निदान गाणं आवडलं का ते तरी कळवावं लागतं! पण तक्रार नव्हती. स्वभावाला औषध नाही, असं मनाशी धरून चालले होते. माणूस सगळ्यांशीच मुका असेल तर वाईट कशाचं वाटून घ्यायचं?

सगळ्यांशी मुका नाही, हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

त्याचं मूळ तो क्लब. सेवा क्लब. बॅगांच्या कारखान्याचा फोरमन त्याचा सभासद. क्लबच्या शिवणवर्गातली मशिनं बंद पडली म्हणून तो ह्यांना घेऊन गेला, आणि हे गेले ते तिकडचेच झाले. दर गुरुवारी संध्याकाळी बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये सभा. बेकरीवाले अध्यक्ष. ते पितळी घंटा वाजवतात, मग मिनिटभर सगळे गप्प उभे राहतात. आमच्या ह्यांना ते जमत असणार, त्यांची घरी भरपूर तालीम झालेली. मग कुणाकडे काही चांगली बातमी असेल तर ती सांगायची, मग कामांचा आढावा. चष्मे वाटायचे, बसस्टॉपची बाकडी रंगवायची, आजाऱ्यांना चाकाची खुर्ची वापरायला द्यायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात हे सगळ्यांत पुढे. इकडे आमच्या मोरीचा नळ गळतोय तो गळतोयच. मी त्या क्लबला सवत म्हणायची. तेव्हा गमतीनं म्हणायची.

मग क्लबनं "सोबत" काढलं. एकटी पडलेली माणसं असतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जायचं, तासभर बसायचं, गप्पा मारायच्या. एवढंच. पण "मला कुणी बोलायला नाही" हे तोंडानं सांगायची माणसांना लाज वाटते. म्हणून ह्या लोकांनी एक पद्धत पाडली. ज्याला सोबत हवी त्यानं फोन करायचा, फोनवर नाव कुणी विचारणार नाही. सभेत फक्त परिस्थिती सांगायची. ज्याला जायचं असेल त्यानं हात वर करायचा, एकदा वर केलेला हात खाली घ्यायचा नाही, आणि पत्ता त्याच्या एकट्याच्या कानात सांगायचा. हे काम सचिवबाईंचं. त्या मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. आणि ज्याच्याकडे जायचं त्याला क्लबमध्ये टोपणनाव. गच्चीवाले काका, मांजरवाल्या आजी, असं काहीतरी.

आमच्या ह्यांच्या वाट्याला आल्या खिडकीवाल्या बाई.

दर बुधवारी पाच वाजता. वय असेल अठ्ठ्याहत्तर-ऐंशी. दृष्टी पार गेलेली, दिवसभर खिडकीशी बसून रस्त्याचे आवाज ऐकतात. "ऐंशी वर्षांच्या म्हातारीवर कसली जळतेस?" असं लेक मला म्हणाली. जळते. स्पष्ट सांगते, जळते. कारण पहिल्या बुधवारी ह्यांनी मला शर्टाला इस्त्री करायला सांगितली. लेकीच्या लग्नानंतर ह्या माणसानं कधी इस्त्रीचा शर्ट मागितला नव्हता. म्हटलं, "अहो, त्यांना दिसत नाही ना?" तर म्हणाले, "हं." आता ह्याचा अर्थ काय लावायचा? जिला दिसतच नाही तिच्यासाठी कडक कॉलर, आणि जिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं तिच्यासमोर तेलाचे डाग पडलेला बनियन!

बरं, तिकडून परत आले की चेहरा उजळलेला. "काय बोललात?" विचारलं की "काही नाही." तासभर काही नाही? पुढे तासाचा दीड तास झाला. सिस्टर एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमचे मिस्टर म्हणजे गप्पांचा खजिना हो! बाई सांगतात, वेळ कसा जातो कळत नाही." मी भाजीवाल्यासमोर कपाळाला हात लावला. खजिना म्हणे! माझ्या वाट्याला आली ती रिकामी पेटी.

गेल्या महिन्यात एका बुधवारी हे चष्मा घरीच विसरले. मला निमित्तच मिळालं. चष्म्याची डबी घेतली आणि निघाले. पत्ता गुप्त असला तरी दिवसभर खिडकीशी बसणारी बाई आसपासच्या सगळ्यांना ठाऊक, घर मी केव्हाच शोधून ठेवलं होतं. बाईंचं घर तळमजल्यावर, खिडकी थेट फुटपाथवर उघडते. हे पाठमोरे बसलेले, बाई खिडकीकडे तोंड करून. मी आवाज द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ह्यांचा आवाज ऐकू आला. तो आवाज ऐकून मी भिंतीला चिकटून उभी राहिले. हो, चोरून ऐकलं. माझाच नवरा, त्याचं बोलणं ऐकायला मला चोरी?

हे सांगत होते, अगदी घडाघडा. "परवा नुसती सुई बसवायला पाऊण तास गेला. हात ऐकत नाही. आधी वाटलं थंडीनं होतंय, मग वाटलं थकव्यानं. आता दिवसभरच थरथरतो. बॅगवाल्यांचं मोठं मशीन परत पाठवलं. म्हटलं, पार्ट मिळत नाही. खोटं बोललो हो मी. पार्ट खणातच होता." मग म्हणाले, "दुकान बंद करावं लागणार. मला दुसरं काही येत नाही. भीती वाटते."

बाईंनी विचारलं, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

ह्यावर मात्र आमचे हे नेहमीसारखे झाले. बाई म्हणाल्या, "बरं, राहू दे." आणि त्यांनी चहाचं विचारलं.

मी डबी तशीच घेऊन घरी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हाताची काळजी वाटली का? वाटली हो, मी काही दगड नाही. नखशिखान्त घाबरले. म्हणून हे हल्ली चहा घेऊन गॅलरीत जातात, म्हणून शर्टाची वरची बटणं उघडी असतात, म्हणून पेपर खाली ठेवून वाचतात. सगळं एकेक करून डोक्यात उजेड पडत गेला. पण खोटं कशाला बोलू, आधी पोटात दुखलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. भीती वाटते, हे वाक्य ह्या माणसानं मला कधी म्हटलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात नाही, स्वतःची आई गेली तेव्हा नाही. एवढ्या वर्षांत जे माझ्या वाट्याला आलं नाही ते दोन महिन्यांच्या ओळखीत तिला मिळालं, तेही न विचारता, चहाच्या आधी!

"मग सरळ विचारायचं ना," लेक फोनवर म्हणाली. विचारलं असतं तर "काही नाही" म्हणाले असते, आणि तिथेच दार बंद झालं असतं. शिवाय मी का विचारू? मला काही घबाड नको होतं. जे तिला सांगतात ते मला सांगावं, आपणहून सांगावं, एवढंच हवं होतं. मी त्यांच्या लेखी बोलण्यासारखं माणूस आहे की नाही, हे मला एकदा कळायला हवं होतं.

दोन दिवस धुसफुसले. भांडी आदळली. हे ढिम्म. तिसऱ्या दिवशी हे खाली दुकानात गेले आणि मी क्लबला फोन लावला.

सिस्टरनीच उचलला. मी पदर तोंडाशी धरला आणि आवाज जाडा काढला. त्यांना काही वेगळं वाटलं नसावं, ह्या नंबरवर सगळेच दबक्या आवाजात बोलतात. म्हटलं, "सोबत हवी आहे."

"घरी कोण कोण असतं?"

"दोघं. पण बोलणारं कुणी नाही."

"म्हणजे दुसरं माणूस आजारी आहे का?"

"ठणठणीत आहे. बाहेर बोलतं. घरात नाही."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "समजलं. पत्ता सांगा." मी मागच्या गल्लीचा सांगितला. पत्र्याचा जिना, निळं दार. सिस्टरना आमचं दुकान तेवढं ठाऊक, पुढच्या रस्त्याचं. मागच्या गल्लीत त्या कशाला येतात? दिवस विचारला तर म्हटलं, शनिवार, पाच वाजता. जे येईल ते येवो. क्लबचं कुणीतरी जिना चढून येईल, दार मी उघडेन, आणि मग सगळ्या क्लबला कळेल की त्यांच्या देवमाणसाच्या घरात काय आहे. बाहेर दिवा आणि घरात अंधार. हा माझा बेत.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी घरच्यांनाही सभेला बोलावतात. मी कधी गेले नव्हते. ह्या वेळी गेले. "मी पण येते" म्हटल्यावर ह्यांनी दचकून बघितलं, पण म्हणाले "हं"च. मागच्या रांगेत बसले. हॉलमध्ये खालच्या भट्टीची ऊब आणि पावाचा वास. घंटा वाजली, सगळे उभे राहिले, बसले. फोरमनच्या नातवाला दात आला ही चांगली बातमी झाली, टाळ्या पडल्या. बाकड्यांचा रंग हिरवा की निळा ह्यावर चांगलं रणकंदन माजलं. माझं कशात लक्ष नव्हतं. हे दुसऱ्या रांगेत, पाठ ताठ, उजवा हात पँटच्या खिशात. तो हात खिशात का, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे ह्यांना नव्हतं.

शेवटी सिस्टर उठल्या. "सोबतसाठी एक नवीन फोन आहे. ह्या बाई एकट्या नाहीत. घरात माणूस आहे, धडधाकट आहे. बाहेर सगळ्यांशी बोलतं, घरात मात्र ह्यांच्याशी बोलत नाही."

अध्यक्ष चुकचुकले. "काय एकेक माणसं असतात!"

आणि आमचे हेही चुकचुकले. देवाशपथ सांगते, मान हलवली आणि म्हणाले, "बिचारी."

मला हसावं की चप्पल काढावी कळेना. बिचारी म्हणे! अहो, त्या बिचारीनं सकाळी तुमच्यासाठी भाकऱ्या थापल्या! आणि तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. डावा.

सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे आधीच बुधवार आहे."

"असू दे," हे म्हणाले. "तिच्याकडे कुणीतरी जायला हवं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "भाग्यवान आहात हो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं सांगते, त्या क्षणी मला त्या फोनवरच्या बाईचाही हेवा वाटला. ती मीच होते, तरी वाटला. तिच्यासाठी कसा पटकन हात वर झाला!

हे पुढे गेले, वाकले. सिस्टरनी कानात सांगितलं. मला फक्त ह्यांची पाठ दिसत होती. ती जशी वाकली तशीच राहिली. सिस्टरनी विचारलं, "ऐकू आलं ना? परत सांगू?" ह्यांनी मान हलवली. मग सरळ झाले, म्हणाले, "बरं," आणि जागेवर जाऊन बसले. मागे वळून बघितलं नाही. अध्यक्षांनी घंटा वाजवली, सभा संपली.

घरी येताना वाटेत अवाक्षर नाही. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. आता ओरडतील, मग ओरडतील. निदान ओरडणं म्हणजे बोलणंच की. छे! जेवले, झोपले. शुक्रवारही तसाच गेला. मला वाटलं, झालं. अब्रू गेली म्हणून आता "हं"सुद्धा मिळायचा नाही. मी माझ्याच हातानं होतं नव्हतं ते घालवलं. फोन केला त्या घटकेला शंभर शिव्या दिल्या.

शनिवारी जेवण झाल्यावर हे इस्त्री घेऊन बसले. मी म्हटलं, "द्या, मी करते." मान हलवली. नाही. स्वतःच केली, कॉलरला सुरकुती राहिली. मग न सांगता खाली दुकानात गेले. पाच वाजत आले तशी मी साडी बदलली. का बदलली विचारू नका. वर कुणी येणार नाही, हे मनाला बजावत बदलली.

जिन्याचा पत्रा वाजला. ह्यांचीच पावलं, एवढ्या वर्षांत ती ओळखू येणार नाहीत का? पण दार नेहमीसारखं ढकललं नाही. बेल वाजली.

उघडलं. हे उभे. शर्टाला क्लबचा बिल्ला, तोही वाकडा लागलेला. "नमस्कार. सोबतकडून आलोय. आत येऊ?"

माझ्या तोंडात फार वाईट शब्द आला होता. तो गिळला. म्हटलं, "या."

पायपुसण्यावर पाय पुसले. हेही पहिल्यांदाच. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, मी पलंगावर. क्लबचा नियम असा की आलेल्यानं आधी काही विचारायचं नाही, घरच्या माणसाला बोलू द्यायचं. नियम काढणाऱ्याला आमचं घर ठाऊक नव्हतं. ह्यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

मग मला राहवलं नाही. "काढा तो हात बाहेर," म्हटलं. "मला माहीत आहे. खिडकीबाहेर उभी होते त्या दिवशी, सगळं ऐकलं. पार्ट खणात होता तेही ऐकलं. मला एक सांगा, तिच्यात असं काय आहे? मी काय मेले होते? तिच्याजवळ भीती वाटते म्हणता आणि माझ्याजवळ हं? तिला सांगितलंत, मला का नाही?"

मला वाटलं, आता "काही नाही" म्हणतील.

"तिला दिसत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"तिच्यासमोर हात कसाही हलला तरी चालतो. तिला काय, नुसतं ऐकायचं असतं." मान खालीच. "तू बघशील. आणि तू बघितलंस की मग ते खरंच झालं."

मला वाटत होतं, मी कमी पडते. गप्पांत कमी पडते, अकलेत कमी पडते, बायको म्हणून कमी पडते. आणि हा माणूस मला सांगत होता की माझे डोळेच आड येतात. तिच्या इस्त्रीच्या शर्टावर जळले, तिच्या दीड तासावर जळले, पण त्या घटकेला मला तिच्या आंधळेपणाचा हेवा वाटला. आणि तो सगळ्यांत वाईट होता, कारण तो मला कुठून आणता येणार?

मग मी पलंगावर मांडी घालून नीट बसले आणि डोळे घट्ट मिटले.

"बोला," म्हटलं. "आता मलाही दिसत नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठून चालले, असं वाटलं, तरी डोळे उघडले नाहीत. पण पावलं दाराकडे गेली नाहीत. खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ आली होती. शर्टाला नुकत्या फिरलेल्या इस्त्रीचा वास येत होता.

"पहिल्यांदा झालं ना," हे म्हणाले, "तेव्हा मी तुझ्याच ब्लाउजचा हूक लावत होतो."